काळी चाकं आणि एक जाणकार

गॅरेजच्या बाकड्यावर शेजारी बसलेल्या काकांनी उठून माझ्या गाडीच्या चाकावरून तर्जनी फिरवली, काळं झालेलं बोट निरखून पाहिलं आणि माझ्याच गाडीच्या पांढऱ्या दाराला पुसलं. रुमाल होता त्यांच्याकडे. खिशातून डोकावत होता. माझा राग अजून गेलेला नाही.

"गाडी धूत नाही वाटतं," ते म्हणाले.

सकाळीच धुतली होती, आणि तसं मी सांगितलंही. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, म्हणून चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला, म्हणजे लोखंडी चकतीला, आवळणारे पुढचे पॅड जास्त झिजतात, सोबत डिस्कही झिजते. ही साधी धूळ नाही काका, बरीचशी लोखंडाची भुकटी आहे, गरम गरम येऊन चिकटते आणि ओल लागली की गंजते. गॅरेजच्या बाकड्यावर माणूस कुणालाही काहीही समजावत बसतो.

"आमच्या स्कूटरची चाकं बघा. आहे कुठे डाग?"

"तिला ड्रम ब्रेक आहेत, बंद डब्यातले. भुकटी आतच राहते."

"आतच राहते ना? मग झालं तर!"

आता यावर काय बोलणार? मेकॅनिकने काढून ठेवलेला जुना पॅड त्यांनी उचलला आणि मडकं पारखावं तसा कानाशी धरून वाजवला. "अजून चालेल." पॅडचा घासणारा मसाला जेमतेम 2 मिलिमीटर उरला होता. 3 वर आला की पॅड बदलायचा असतो, आणि तेच सांगायला बसवलेली पत्र्याची पट्टी डिस्कला घासून कधीची किंचाळत होती.

"ती पट्टी उपटून टाका, आवाज बंद," काकांनी उपाय सांगितला.

बरं, नवे कुठले घ्यावेत? सेमी-मेटॅलिक, म्हणजे धातू मिसळलेले पॅड तापले तरी पकड सोडत नाहीत, पण चाकं पुन्हा कोळशाच्या वखारीत. ऑरगॅनिक, म्हणजे तंतू आणि राळेचे, गुमान चालतात आणि गुमान संपतात. सिरॅमिकची भुकटी कमी आणि फिकट, त्यामुळे दिसत नाही. किंमत दिसते.

"स्वस्तातले घ्या आणि ब्रेक कमी मारा," काका म्हणाले.

1888 मध्ये बर्था बेंझ मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटार घेऊन निघाल्या, तेव्हा वाटेत ब्रेक झिजले म्हणून त्यांनी जोडे शिवणाऱ्याकडून ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. तिथे बाकडं नसावं, म्हणून बाईंचं काम झालं.

आणि पॅड विकणाऱ्या या खोकेवाल्यांचं काय? ठळक अक्षरांत 'लो डस्ट' छापतात. किती लो? आकडा नाही. युरोपने गाड्यांच्या प्रदूषणाच्या युरो 7 नियमांत ब्रेकच्या धुळीला पहिल्यांदा मर्यादा घातली, पेट्रोल-डिझेल कारला किलोमीटरमागे 7 मिलिग्रॅम. इतकी वर्षं सगळ्यांचं लक्ष सायलेन्सरच्या धुरावर! चाकावर बसते ती भुकटी निदान धुता तरी येते. उडते ती आपण श्वासाबरोबर ओढतो, आणि जाहिरातीतली चाकं मात्र आरशासारखी.

शेवटी सिरॅमिकच टाकले. पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत मोकळ्या रस्त्यावर वेग धरायचा, ब्रेकने तो उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये ब्रेक जरा थंड होऊ द्यायचे आणि पुन्हा तेच, असं मेकॅनिकने बजावलं. स्कूटरचा पार्ट काही आला नव्हता. त्यामुळे मी गाडी सुरू करेपर्यंत काका शेजारच्या सीटवर बसलेही होते.

मी वेग धरला, उतरवला. पुन्हा धरला, पुन्हा उतरवला. काकांनी वरची कडी दोन्ही हातांनी पकडली.

"अजून शिकताय का?"