‘माझ्या कॅमेऱ्यात चोरण्यासारखे आहेच काय?’

स्मार्ट उपकरणांविषयी एक मजकूर समाजमाध्यमांवर सतत फिरत असतो. सामान्य माणसाच्या घरातला कॅमेरा हॅक करून कोणाला काय मिळणार, कारखान्यातली यंत्रे तर इंटरनेटला जोडलेलीच नसतात, आणि तरीही धास्ती वाटत असेल तर पासवर्ड बदलून निर्धास्त व्हावे, असे त्याचे थोडक्यात म्हणणे आहे.

पहिले विधान घरफोडीचा हिशेब उपकरणांना लावते: ऐवज नाही, तर चोरही नाही. हल्लेखोराला मात्र पुष्कळदा कॅमेऱ्यातले चित्र नकोच असते. आतला छोटासा संगणक आणि चोवीस तास चालू असलेली जोडणी एवढेच त्याला पुरते. २०१६ साली पसरलेला ‘मिराई’ हा मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, इंटरनेटवरचे पत्ते चाचपत टेलनेट (दुरून उपकरणाला आज्ञा देण्याची जुनी वाट) उघडे राहिलेली उपकरणे शोधत असे आणि कारखान्यातूनच घालून दिलेल्या नाव-पासवर्डांच्या साठाएक जोड्या त्यांवर लावून पाहत असे. ‘अ‍ॅडमिन’ला ‘अ‍ॅडमिन’, ‘रूट’ला ‘१२३४५६’, अशा त्या जोड्या होत्या; एखादी लागू पडली की उपकरण त्याच्या ताब्यात जाई. (याला कुलूप तोडणे म्हणावे की कडी काढणे, हा प्रश्नच आहे.) २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच कॅमेऱ्यांच्या, व्हिडिओ रेकॉर्डरच्या आणि राउटरच्या फौजेने डाइन या कंपनीच्या डीएनएस सेवेवर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर, एकाच वेळी असंख्य मागण्यांचा मारा केला, तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट यांसारखी संकेतस्थळे अनेकांना कित्येक तास उघडत नव्हती. या कामाला जुंपलेला कॅमेरा चित्र दाखवायचे थांबवत नाही, त्यामुळे मालकाला शंका येण्याचे कारणच उरत नाही.

दुसऱ्या विधानात तथ्याचा अंश आहे, कारण यंत्रांचे जाळे वेगळे ठेवल्याने धोका खरोखरच कमी होतो. पण वेगळे ठेवलेले जाळे वेगळेच राहते, हे गृहीत धरता येत नाही. इराणमधील नतान्झ येथील सेंट्रिफ्यूज (युरेनियम समृद्ध करणारी यंत्रे) बिघडवणारा आणि २०१० साली उघडकीस आलेला स्टक्सनेट हा मालवेअर पेनड्राइव्हमधूनही पसरू शकत होता. युक्रेनमध्ये २३ डिसेंबर २०१५ रोजी जे घडले, ते तर याहून साध्या मार्गाने घडले. हल्लेखोर आधी ईमेलच्या जोडपत्रांतून वीज वितरण कंपन्यांच्या कार्यालयीन संगणकांत शिरले आणि तिथून मिळवलेल्या लॉगिन-पासवर्डांनिशी नियंत्रण यंत्रणेपर्यंत पोहोचले. त्या दिवशी नियंत्रण कक्षातल्या कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा कर्सर आपोआप सरकत एकेक ब्रेकर (वीजप्रवाह तोडणारा स्विच) उघडत, म्हणजे प्रवाह तोडत, गेला आणि सुमारे २,२५,००० ग्राहकांची वीज गेली. काही तासांत ती परत आली, कारण उपकेंद्रांवर माणसे पाठवून ब्रेकर हाताने पुन्हा जोडता येत होते. ‘स्मार्ट’ करण्याच्या भरात हाताने चालवण्याची सोय काढून टाकणाऱ्यांनी हा तपशील दोनदा वाचावा.

पासवर्ड बदलण्याचा सल्ला योग्यच आहे, पण अपुरा आहे. मिराईला बळी पडलेल्या काही उपकरणांत मालकाने वेबपानावरून पासवर्ड बदलला, तरी टेलनेटचा पासवर्ड फर्मवेअरमध्येच, म्हणजे निर्मात्याने उपकरणात बसवलेल्या मूळ प्रोग्राममध्येच, कोरलेला असल्याने जसाच्या तसा राहत असे. उपकरण बंद करून सुरू केले की स्मृतीतला मालवेअर पुसला जाई, पण टेलनेट उघडेच असल्याने थोड्याच वेळात तो पुन्हा येऊन बसत असे. म्हणजे चूक निर्मात्याची आणि निस्तरायची मालकाने, असा हा सल्ला होतो. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी ही जबाबदारी निर्मात्याकडे वळवली आहे: सर्व नगांना एकच सहज ओळखता येणारा पासवर्ड देता येत नाही, आणि सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे ग्राहकाला आधीच सांगावे लागते.