ताण येतो म्हणजे विश्वास कमी? एका प्रतिक्रियेला उत्तर

जय ख्रिस्त दादा,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली, आणि दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं वाटलं नाही. तुम्ही जे लिहिलंय ते कितीतरी चर्चच्या मंडळ्यांमध्ये मनापासून मानलं जातं आणि त्याचं ओझं शेवटी गाणाऱ्या पोरापोरींच्या डोक्यावर येतं. म्हणून उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुम्ही म्हणता की उपासनेत गाणी चालवणाऱ्याला, म्हणजे लीडरला, ताण येतो याचाच अर्थ तो देवासमोर उभा नाही, लोकांसमोर उभा आहे. प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात कशाचीच चिंता करू नका असं स्पष्ट लिहिलंय, गुडघ्यांवर पुरेसा वेळ गेला की ताण उरतच नाही. श्वासाचे व्यायाम, रोस्टर म्हणजे पाळ्यांची यादी, एखादा रविवार मोकळा ठेवणं हे मी मागच्या लेखात लिहिलेलं सगळं म्हणजे ऑफिसमधलं जग मंडळीत आणणं झालं, लेवी, म्हणजे जुन्या करारातले मंदिराचे सेवक, कधी सुट्टीवर गेले नाहीत. आणि तुमच्या मंडळीतला एक तरुण कित्येक वर्षं दर रविवारी एकटा लीड करतोय, त्याने आजवर तक्रार केलेली नाही.

पहिल्या मुद्द्यात खरं आहे ते आधी म्हणते. लोकांच्या कौतुकासाठी गाणं हा आजार आहे आणि त्यातून येणारा ताण श्वास घेऊन जात नाही. तो ओळखताही येतो. दुसऱ्या कोणी सुंदर लीड केलं आणि मंडळी रडली, तर तुमचं मन भरून येतं की आत काहीतरी टोचतं? टोचत असेल तर तिथे प्रार्थनाच हवी, आपल्याला सरळ बोलू शकेल असा कोणीतरी मोठा माणूस हवा, यात माझं तुमचं दुमत नाही. पण माझ्याशी जे लीडर बोलतात त्यातल्या बहुतेकांचं दुखणं हे नसतंच. त्यांचं दुखणं असं असतं की शनिवारी रात्री साडेदहाला पास्टरांचा मेसेज येतो, उद्याचा विषय बदललाय, गाणी त्याप्रमाणे घे. ड्रमर सांगत नाही तो येणार की नाही. घसा बसलाय पण दुसरं कोणी नाही म्हणून गायचंच. स्क्रीनवर भलतंच कडवं आलं की सगळे वळून त्याच्याकडेच बघतात. आणि आशीर्वाद होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोवर एक जण सांगतो आवाज फार मोठा होता, दुसरा सांगतो ऐकूच आलं नाही, तिसरा सांगतो आज काही आत्म्याची हालचाल जाणवली नाही. आता यातला कुठला ताण अहंकारातून आलाय सांगा. हा कामाचा ताण आहे, आणि काम एकाच्या अंगावर टाकलं की तो कोणालाही येणार, कितीही प्रार्थना करणारा असला तरी.

लेव्यांबद्दल मात्र मला थांबून बोलायचंय, कारण शास्त्रात नेमकं उलटं आहे दादा. १ इतिहासाचा २५ वा अध्याय काढा. आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या घराण्यातले गाणारे, परमेश्वराच्या गायनात शिकून तयार झालेले, एकूण २८८. त्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि २४ गट पाडले, एकेका गटात १२ जण. म्हणजे पाळ्या होत्या! एकटा आसाफ वर्षभर उभा नव्हता. आणि चिठ्ठ्या टाकताना लहान-थोर, गुरू-शिष्य सगळे सारखेच धरले असं तिथेच लिहिलंय, म्हणजे शिकणारा पोरगाही त्याच गटात जाणत्यांच्या शेजारी उभा राहायचा, गुरू थकल्यावर नाही, आधीपासूनच. त्याच पुस्तकाच्या ९ व्या अध्यायात सांगितलंय की गाणाऱ्यांना बाकीच्या कामांतून मोकळं ठेवलं होतं कारण त्यांचं स्वतःचं कामच रात्रंदिवस चालायचं. आजचा लीडर बघा, तोच गाणी निवडतो, तोच मिक्सर लावतो, तोच शब्द टाईप करतो, तोच तरुणांची मीटिंग घेतो आणि शेवटी केबल गुंडाळायलाही तोच. गणनाच्या ८ व्या अध्यायात तर वयसुद्धा ठरवून दिलंय, लेव्याने २५ व्या वर्षी सेवेला लागायचं आणि ५० व्या वर्षी नेमाच्या कामातून निवृत्त व्हायचं, त्यानंतर फक्त भावांना मदत करायची. देवाने स्वतः आपल्या सेवकांच्या अंगात किती जोर आहे याचा हिशोब ठेवलाय आणि आपण तो हिशोब विचारणाऱ्याला जगिक म्हणतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

अजून एक जागा आहे जी गाणाऱ्यांच्या बाबतीत फारशी कोणी वाचून दाखवत नाही, नहेम्या १३. यरुशलेमचा कोट परत बांधणारा अधिकारी नहेम्या तिथे परत आला तेव्हा त्याला कळलं की लेवी आणि गाणारे मंदिर सोडून आपापल्या शेतावर निघून गेलेत, कारण त्यांचा वाटा त्यांना कोणी दिलाच नव्हता. आता नहेम्या कोणावर रागावला? गाणाऱ्यांवर नाही. अधिकाऱ्यांवर. देवाचं मंदिर असं का सोडून दिलं म्हणून त्याने त्यांना जाब विचारला, मग गाणाऱ्यांना गोळा करून आपापल्या जागी परत उभं केलं आणि वाट्याची नीट व्यवस्था लावून दिली. तुमची प्रतिक्रिया वाचताना हाच अध्याय सारखा डोळ्यासमोर येत होता. कोणी टीम सोडून गेला की आपला पहिला प्रश्न असतो त्याचं आत्मिक जीवन कसं आहे. त्याला आपण काय दिलं नाही हा प्रश्न आपण विचारत नाही, आणि मी इथे पैशाबद्दल बोलत नाहीये, वेळेत ठरलेल्या गाण्यांबद्दल, सोबतीबद्दल, एका मोकळ्या रविवारबद्दल बोलतेय.

आता फिलिप्पै ४. सहावं वचन तुम्ही दिलंत, ते मलाही प्रिय आहे आणि स्टेजवर जायच्या आधी मी ते म्हणते. पण तोच अध्याय आठ वचनं पुढे वाचा. चौदाव्या वचनात तोच पौल म्हणतो की माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे बरं केलंत. चिंता करू नका म्हणणारा माणूस त्याच पत्रात, त्याच अध्यायात, लोकांनी आपल्या अडचणीत हात लावला म्हणून आभार मानतोय. तोच करिंथकरांना लिहितो की मी तुमच्याकडे अशक्तपणात, भीत आणि थरथर कापत आलो होतो, आणि दुसऱ्या पत्रात म्हणतो की सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज माझ्यावर येते. पौलाला अभिषेक नव्हता असं आपण म्हणणार आहोत का? मोशेनेही देवाला सरळ सांगितलं की ही सगळी माणसं मला एकट्याने वाहवत नाहीत, आणि देवाने त्याला अजून प्रार्थना कर असं सांगितलं नाही, ७० वडील गोळा करायला सांगितले आणि मोशेवरच्या आत्म्यातला वाटा त्यांना दिला, की त्यांनी त्याच्याबरोबर भार वाहावा. मोशेचा सासरा इथ्रो याने तर त्याच्या आधीच सांगून ठेवलं होतं की तू असा थकून जाशील आणि तुझ्याबरोबर हे लोकही थकतील. ते दुसरं वाक्य पाळकांनी लक्षात घ्यावं असं मला फार वाटतं. थकलेल्या लीडरमागे मंडळीही थकलेलीच गाते, मग आपण म्हणतो लोकांमध्ये भूक राहिली नाही.

श्वासाबद्दल तुम्ही जरा कडकच लिहिलंय. मी ध्यानधारणेचं काही शिकवलं नव्हतं हो, गाण्याचं शिकवलं होतं. माणसाला धास्ती वाटली की अंगात अ‍ॅड्रिनलिन वाढतं, छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, श्वास वरच्यावर चालतो. वरवरच्या श्वासावर सूर टिकत नाही, गळा आवळून गावं लागतं, आणि गाण्याची लय आपल्याला स्वतःला संथ वाटते म्हणून आपण नकळत पळवतो, मग ड्रमर आपल्या मागे आणि मंडळी त्याच्याही मागे. अशा वेळी श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ दिला, चार आकडे आत आणि सहा-आठ आकडे सावकाश बाहेर, तर हृदयाची गती खाली येते. शरीर देवानेच असं केलंय. एलीया संदेष्ट्याचं बघा, कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला बघितलेला माणूस लगेच पुढच्या अध्यायात झुडपाखाली बसून मरण मागतो, आणि देवदूत त्याला काय देतो? आधी झोपू देतो, मग भाकर आणि पाणी, मग परत झोप, मग परत खायला. बोलणं नंतर, होरेबावर. आणि तिथेही देव त्याला एकटं परत पाठवत नाही, त्याच्या जागी पुढे येणाऱ्या अलीशाला अभिषेक कर म्हणून सांगतो.

हे मोठ्या विजयानंतरचं कोसळणं मला फार ओळखीचं आहे, उपासना उत्तम झालेली असते, आणि दुपारी घरी गेल्यावर कारण नसताना रडू येतं किंवा सगळ्यांवर चिडचिड होते. लंडनचे प्रसिद्ध उपदेशक स्पर्जन यांनी आपल्या विद्यार्थ्यांना यावर उघडपणे शिकवलं होतं. १९ ऑक्टोबर १८५६ ला त्यांच्या सभेत कोणीतरी आग लागल्याची खोटी हाकाटी केली, चेंगराचेंगरीत सात माणसं गेली, स्पर्जन तेव्हा २२ वर्षांचे होते, आणि मनाचं आजारपण त्यांना पुढे आयुष्यभर अधूनमधून गाठत राहिलं. ते विद्यार्थ्यांना सांगायचे की असं खचणं मोठ्या यशानंतरही येतं आणि सलग कष्टांच्या मधोमधही येतं, आणि मोकळ्या हवेत चालून या म्हणूनही सांगायचे. विश्वास कमी असलेला माणूस म्हणून त्यांच्याकडे कोणी बोट दाखवेल असं मला वाटत नाही.

बाकी छोट्या गोष्टी पटकन सांगते, कारण प्रतिक्रियांमध्ये अजून दोघांनी विचारलंय. गाणी बुधवारपर्यंत पक्की, त्यानंतर बदल झाला तर एकच गाणं आणि तेही टीमला येणारं. स्केल मंडळीच्या गळ्याला धरून, रेकॉर्डिंगमधल्या गायकाला धरून नाही. खालच्या ए पासून वरच्या डी पर्यंत बहुतेकांना जमतं, त्याच्या वर गेलं की लोक गप्प होतात आणि लीडरला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. मॉनिटरमध्ये, म्हणजे गाणाऱ्याला ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेल्या स्पीकरमध्ये, स्वतःचा आवाज नीट येतोय का हे साउंडचेकला बघाच, नाहीतर ओरडून घसा जातो. नवीन गाणं एका वेळी एकच. आणि सूचना, तक्रारी, सगळं मंगळवारी, टीमच्या एका ठरलेल्या माणसाकडे, रविवारी स्टेजच्या पायरीवर अजिबात नाही. ही शेवटची गोष्ट पाळकांनी स्वतः मंडळीला सांगितली तरच चालते.

आता तुमच्या मंडळीतला तो तरुण. त्याच्याबद्दल तुम्ही अभिमानाने लिहिलंय आणि तुमचं प्रेम त्यात दिसतंय. पण तक्रार केली नाही यावरून त्याला त्रास नाही असं मी धरणार नाही. जिथे ताण आला म्हणजे विश्वास कमी असं शिकवलं जातं तिथे कोण तोंड उघडेल? तुम्ही त्याला जवळचे वाटत असाल तर उपासनेच्या दिवशी नको, मधल्या एखाद्या संध्याकाळी भेटा. कसा आहेस असं विचारू नका, त्या प्रश्नाला सगळे ठीक असंच उत्तर देतात. शनिवारी रात्री झोप लागते का, शेवटचं तू मंडळीत बसून कधी गायलास, तू आजारी पडलास तर कोण उभं राहील, असं विचारा. तिसऱ्या प्रश्नाला नाव येत नसेल तर दुसरा माणूस तयार करायला आजच लागा. एकदम सगळी उपासना त्या नव्या माणसाच्या हातात द्यायची नाही, आधी फक्त सुरुवातीचं गाणं, मग दोन गाणी आणि मधली प्रार्थना, आपला तरुण शेजारी गिटार घेऊन उभा, असं करत काही महिन्यांनी एक पूर्ण रविवार. त्या रविवारी आपल्या तरुणाला बाहेरगावी पाठवू नका, खाली लोकांमध्ये बसू द्या. कोरहाच्या मुलांच्या ४२ व्या स्तोत्रातला माणूस आठवतो ना, जो एके काळी लोकसमुदायाला घेऊन देवाच्या मंदिराकडे जायचा आणि आता स्वतःच्याच जिवाला विचारतोय तू का खिन्न झालास? पुढे चालणाऱ्यालाही कधीतरी दुसऱ्याच्या मागे चालायला मिळायला हवं.

आणि त्याच्या बोलण्यातून असं कळलं की झोप आठवड्यांमागून आठवडे उडालीय, स्टेजच्या विचारानेच छातीत धडधड होऊन श्वास कोंडतो, किंवा जगावंसंच वाटत नाही, तर हे रोस्टरने सुटणारं काम नाही, त्याला डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे न्या, आणि जगावंसं वाटत नाही म्हणाला तर त्याच दिवशी न्या, स्वतः बरोबर जा, बाहेर बसून त्याच्यासाठी प्रार्थना करा, दोन्ही करा. पाळकांशी बोलून त्याला काही महिने मोकळं करायचं ठरलं तर ते त्याला समोर बसवून आधी सांगा, किती दिवसांसाठी आणि परत कधी बोलायचं तेही तारखेसकट ठरवा. न सांगता यादीतून नाव गेलं तर त्याला शिक्षा झाल्यासारखं वाटेल, आणि तेव्हा तो पुन्हा काही बोलणार नाही.