सर्फिंगच्या पहिल्या क्लासला "उभी राहिलीस का?" हा प्रश्न विचारणं बंद करा

सुट्टीत किनाऱ्यावर गेलो आणि सर्फिंगचा बिगिनर क्लास केला असं सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, मग, उभी राहिलीस का? माझ्या भाच्याला तर मी केस पुसून होईपर्यंतही धीर नव्हता, "मावशी, राहिलीस का नाही तेवढं सांग, बाकीचं नंतर." राहिले ना, राहिले. पण माझं म्हणणं असंय की प्रश्नच चुकीचा आहे, आणि बरेचसे क्लासवाले या एका प्रश्नाभोवतीच सगळा क्लास बांधतात, त्यामुळे माणूस दोन तास पाण्यात घालवून बाहेर येतो तो फोटो घेऊन, आणि शिकलास काय विचारलं तर सांगता येत नाही. जरा चिडून लिहितेय, पण वाचा.

पहिल्या क्लासमध्ये नक्की काय होतं ते बघा. तुम्हाला आठ-नऊ फुटांचा, वरून मऊ फोमचा भलामोठा बोर्ड देतात (हे बरोबरच आहे, लहान बोर्डावर नवशिक्याचं काही खरं नसतं). वाळूवर पालथं झोपवून पॉप-अप करून घेतात, म्हणजे छातीजवळ हात टेकवून एका झटक्यात पाय खाली घ्यायचे आणि उभं राहायचं. मग कमरेएवढ्या पाण्यात नेतात, बोर्ड किनाऱ्याकडे तोंड करून धरतात, तुम्ही त्यावर पालथे, लाट तुमच्या पाठीमागे, तुम्हाला दिसतंय काय तर समोरची वाळू आणि त्यावर मोबाईल धरून उभे असलेले घरचे. इन्स्ट्रक्टर मागे बघतो, लाट तो निवडतो, वेळ तो साधतो, पॅडल पॅडल पॅडल ओरडतो आणि तुमच्या हातांनी काही व्हायच्या आत मागून बोर्डाला दणकून ढकलतो, मग "अप!" आणि तुम्ही उभे, दोन-तीन सेकंद, गुडघे वाकडे, पार्श्वभाग मागे, दोन्ही हात हवेत. क्लिक. आता मला सांगा, यात तुमचं काय होतं? वाळूवर केलं होतं तेच पाण्यावर केलंत एवढंच. लाट पकडली त्याने.

ढकलायचं कारण आहे, ते मला मान्य आहे. लाटेबरोबर जायचं तर बोर्डाला आधी थोडा तरी वेग लागतो, आणि उथळ पाण्यात लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो, एक मीटर खोल पाण्यात तो ताशी साधारण 11 किलोमीटर येतो. आता ड्यूक कहानामोकू घ्या, हवाईचा, आधुनिक सर्फिंगचा जनक म्हणतात त्याला, तो माणूस 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये 100 मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्ण जिंकला साधारण 63 सेकंदांत. हिशोब करा, ताशी सहा किलोमीटरसुद्धा होत नाहीत! म्हणजे ज्याच्या नावाचे पुतळे आहेत त्याचाही निव्वळ हातांचा वेग लाटेच्या निम्मा. मग लाट पकडतात कशी? तर ती योग्य जागी, योग्य क्षणी पकडतात, लाट उभी चढायला लागलेली असते तेव्हा, म्हणजे उरलेला वेग तिच्या उतारावरून मिळतो. सगळी कला या "योग्य जागी, योग्य क्षणी"मध्ये आहे आणि नेमकं तेवढंच इन्स्ट्रक्टर तुमच्या वतीने करून टाकतो.

आणि हे काही आजचं नाही हं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हवाईतल्या वायकीकीच्या किनाऱ्यावर बीच बॉइज म्हणून ओळखली जाणारी मुलं सुट्टीला आलेल्या पाहुण्यांना बोर्डावर चढवायची, हा धंदा तेव्हापासूनचा आहे. हाच ड्यूक 1914 च्या शेवटी ऑस्ट्रेलियात गेला, सिडनीजवळ फ्रेशवॉटरला त्याने तिथेच लाकडातून बोर्ड तासून घेतला (तो बोर्ड अजून तिथल्या क्लबात जपून ठेवलाय) आणि 1915 मध्ये इझाबेल लेथम नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला आपल्या बोर्डावर पुढे घेऊन लाटेवर गेला. ती पुढे सांगायची की वरून खाली बघितलं तर कड्यावर उभं असल्यासारखं वाटलं, मी घाबरून नको नको म्हणत होते, आणि त्याने मानगुटीला धरून मला उभं केलं. झालं! शंभरहून जास्त वर्षं झाली, नवशिक्याला उभं अजून दुसराच करतो. फरक इतकाच की इझाबेल तिथे थांबली नाही, ती स्वतः सर्फिंग करत राहिली, पुढे पोहण्याची शिक्षिका झाली. आपण मात्र मानगूट सुटली की थेट स्टेटस टाकायला जातो.

तर मग पहिल्या क्लासला शिकायचं काय? माझ्या मते पाणी बघायला. पंधरा-वीस मिनिटं वाळूवर बसून, बोर्ड बाजूला ठेवून, नुसतं बघायचं. ऐकायला कंटाळवाणं वाटतं ना? मलाही वाटलं होतं, पण या वेळी जो इन्स्ट्रक्टर मिळाला त्याने बसवलं आणि वर विचारत बसला, यातली कुठली घेशील? ही? का घेशील? आणि मी दाखवलेली लाट मोठ्या थाटात येऊन एका रेषेत धाडकन आपटली की नुसता भुवया वर करायचा. हळूहळू दिसायला लागतं. लाटा सारख्या नसतात, चार-पाच किरकोळ येतात, मग एकदम मोठ्यांचा घोळका येतो त्याला सेट म्हणतात, मग पाणी जरा शांत होतं आणि आत जायचं ते त्या वेळी. दूर कुठेतरी वाऱ्याने उठवलेल्या वेगवेगळ्या लांबीच्या लाटा एकमेकींत मिसळत येतात, जिथे जोर एकत्र येतो तिथे मोठी, जिथे विरुद्ध जातो तिथे बारकी, म्हणून हे घोळके. आणि दूरवरचं पाणी आपल्यापर्यंत येत नसतं, पाणी जागच्या जागी गोल फिरतं, पुढे येतो तो जोर. तळ वर यायला लागला की लाट खालून अडखळते, वरून चढते आणि पाण्याची खोली तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट-दीडपट उरली की फुटते. म्हणजे दोन फुटांची लाट अडीच-तीन फूट पाण्यात फुटणार. हे एकदा कळलं की लाट कुठे फुटते ते बघून तळाशी वाळूचा उंचवटा कुठे आहे ते दिसतं, पाण्यात न उतरता! मला स्वतःला ही गोष्ट उभं राहण्यापेक्षा दसपट भारी वाटली. वारा जमिनीकडून समुद्राकडे असला तर लाटेचा चेहरा स्वच्छ उभा राहतो, उलटा असला की सगळं विस्कटतं, हेही त्यानेच दाखवलं.

त्याच बसण्यात रिप दाखवला. रिप करंट म्हणजे किनाऱ्यावर येऊन साचलेलं पाणी ज्या पट्ट्यातून जोरात परत आत जातं तो. गंमत (गंमत कसली!) अशी की तो पट्टा दिसायला सगळ्यात शांत असतो, लाटा फुटत नाहीत, पाणी जरा गडद, दोन्ही बाजूंना फेस आणि मधे गुळगुळीत. नवीन माणूस म्हणतो वा, इथे बरं आहे, मुलांना घेऊन इथेच उतरू. अनुभवी सर्फर त्याच पट्ट्यातून फुकट आत जातात, तो भाग वेगळा. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचं नाही, दमून जाल, तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, जमेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं. मला वाटतं हे एवढं जरी दर क्लासमध्ये नीट शिकवलं तरी पैसे वसूल, पुढच्या सगळ्या सुट्ट्यांना उपयोगी. पण याआधी एका ठिकाणी क्लास केला होता तिथे रिपचा "र" काढला नाही, पाण्यात जितका वेळ त्याहून जास्त फोटोचं पॅकेज कुठलं घेणार यावर गेला. नाव नाही सांगत, सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच चालतं.

तर हा दुसरा इन्स्ट्रक्टर. थोडा वेळ त्याने नेहमीसारखं ढकललं, उभं केलं, मग म्हणाला आता मी हात लावणार नाही, तू वळ, तू बघ, तू निघ. पहिल्यांदा तर बोर्ड वळवतानाच लाट अंगावर. मग उशीर, लाट बोर्डाखालून निघून गेली आणि मी तिथेच हात मारतेय. मग फार पुढे सरकून झोपले तर बोर्डाचं नाक पाण्यात घुसलं आणि मी नाकातोंडात पाणी घेऊन उलटी, याला पर्लिंग म्हणतात, नाव छान आहे, अनुभव नाही. थोडं मागे सरकून झोपा, नाक पाण्याच्या जेमतेम वर दिसलं पाहिजे. आणि मग एक अशी आली की मी खांद्यावरून बघितली, मारले हात, आणि बोर्डाची शेपटी उचलली गेली. ते उचलणं पोटाला कळतं. मग क्षणभर काहीच नाही, आणि मग बोर्डाखालून सळसळ असा आवाज यायला लागतो आणि कळतं की आपण आता हात मारायची गरज नाही. मी उभी राहिलेच नाही! पालथीच गेले, हनुवटी वर करून, वाळूला टेकेपर्यंत, आणि पाण्यातून उठून नाचले. किनाऱ्यावर भाचा म्हणतोय अगं उभी कुठे राहिलीस. अरे बाबा, ही माझी होती.

(मुलांना शिकवताना बरेच जण आधी पालथंच जायला लावतात, मोठ्यांना मात्र लगेच उभं करतात. मोठ्यांना फोटो हवा असतो.)

आता थोडं कडक बोलते, कारण हे लोक हसण्यावारी नेतात. लागतं ते बहुतेक स्वतःच्याच बोर्डाचं लागतं. बोर्ड कधीही तुमच्या आणि येणाऱ्या लाटेच्या मधे आडवा धरू नका, लाट तो उचलून थेट तोंडावर मारते. लीश, म्हणजे बोर्डाला जोडलेली दोरी, मागच्या पायाला बांधतात, हाताला गुंडाळून ओढत फिरायचं नाही, बोटं जायबंदी होतात. पडताना डोकं पुढे करून सूर मारायचा नाही, पाणी कमरेएवढंच आहे हे विसरू नका, आडवं पसरट पडायचं आणि वर येताना दोन्ही हातांनी डोकं झाकून यायचं. पुढचं मात्र मला एकाही क्लासमध्ये कुणी सांगितलं नाही, घरी येऊन वाचलं. सर्फर्स मायलोपॅथी नावाचा प्रकार आहे, हवाईतल्या डॉक्टरांनी 2004 मध्ये त्यावर पहिल्यांदा लिहिलं. फार दुर्मिळ आहे, घाबरू नका, पण होतो तो बहुतेक पहिल्या-दुसऱ्यांदा बोर्डावर गेलेल्यांना आणि त्यात पडणं-आपटणं काही नसतं. बराच वेळ पालथं राहून पाठ मागे ताणलेली ठेवली की मज्जारज्जूचा रक्तपुरवठा कमी होतो असं मानतात. एकदम पाठ दुखायला लागली, पायाला मुंग्या आल्या, पाय जड वाटले तर "होईल बरं" म्हणून पुन्हा आत जायचं नाही, लगेच बाहेर आणि लगेच हॉस्पिटल. मधे मधे बोर्डावर उठून बसा, पाठीला आराम द्या, तसंही तेवढ्यात समुद्र बघून होतो.

बाकी किरकोळ. डावा पाय पुढे असेल तर रेग्युलर, उजवा असेल तर गूफी, दोन्ही चालतात, गूफी म्हटलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. गुडघे कुरकुरत असतील तरी क्लास करता येतो, पॉप-अप जमला नाही तर एक गुडघा टेकवून उठा, शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू दे. बोर्डाने पोट आणि बरगड्या सोलवटतात म्हणून अंगात रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा घट्ट, बाह्यांचा टी-शर्ट, हवाच. पोहता येत नसेल तर आधी पोहणं शिका, कमरेएवढं पाणी आहे हो असं कुणी सांगितलं तरी, कारण कमरेएवढ्या पाण्यातूनच रिप सुरू होतो.

आणि बुकिंग करताना सुट्टीच्या शेवटच्या दिवशी करू नका. सगळे तेच करतात, राहून गेलं म्हणून, आणि मग दुसऱ्यांदा जायला दिवसच उरत नाही. सुरुवातीला एक करा, मधे एक दिवस सोडा कारण खांदे वर उचलणार नाहीत, मग दुसरा. दुसऱ्याच्या आधीच इन्स्ट्रक्टरला सांगून ठेवा की अर्धा वेळ मला ढकलू नका. एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण आहेत ते विचारा, पाण्यात उतरायच्या आधी लाटा आणि रिप दाखवणार का ते विचारा. समोरचा जर म्हणाला की मॅडम त्याची काय गरज, आमच्याकडे सगळे पहिल्याच दिवशी उभे राहतात, तर दुसरीकडे बघा.