घर सोडताय? शेजाऱ्यांवर एवढे उपकार कराच

घर बदलायचं ठरलं की स्वयंपाकघराला शेवटच्या रात्रीपर्यंत हात लावू नका. कपडे, पडदे, पुस्तकं आधी भरा; डबे कुठे पळून जातायत? किराणाही नेहमीसारखा आणत राहा. आहे ते संपवत आणायला आपण काय कंजूष आहोत?

तेलाची अर्धी बाटली उशांच्या खोक्यात, आडवी. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा, वरून चिकटपट्टी, असले फाजील लाड नकोत.

जड डबे सगळे एकाच मोठ्या खोक्यात. वर लिहा, ‘इतर’.

फ्रीज ट्रक दारात आल्यावरच बंद करा. आदल्या दिवशी बर्फ वितळवून पुसून ठेवला तर जिनाभर पाणी कसं ठिबकणार? आतलं शिजवलेलं अन्न दिवसभर गाडीत फिरवा. ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून २ तासांच्या वर बाहेर ठेवू नये म्हणतात. पण जंतूंनाही हवापालट नको का?

आता उरलंसुरलं. टाकायला जीव होत नाही ना? मग शेजारी कशासाठी आहेत? आमच्या शेजारणीकडून शिका. निघायच्या आदल्या रात्री बेल वाजवून भलीमोठी पिशवी हातात कोंबली. वर, “तुमच्यासाठी आठवणीने बाजूला ठेवलं हो!” बाहेर सामानाचा ढीग, बाई घामाघूम, नाही कसं म्हणणार? आत तळाशी बोटभर सॉस उरलेल्या बाटल्या. मसाल्याचं पाकीट, नेमकं तारखेच्या जागी कापलेलं. एका बरणीत करडी पूड. कसली ते देव जाणे. रबर लावलेली पिठाची पिशवी, पीठ कोपऱ्यात गोळा झालेलं, जाळी धरलेलं आणि जाळीत अळ्या वळवळतायत. तांदूळ मात्र दिसायला स्वच्छ. दिसणारच, पोरकिड्यांची मादी अंडी दाण्याच्या आत घालते! पिल्लं बाहेर पडली, पातळ पिशवी कुरतडली आणि माझ्या फडताळात घुसली. बाई नव्या घरात गेल्या, कुटुंब माझ्याकडे ठेवून. मी डबे रिकामे करतेय, फळ्या पुसतेय, चांगलं पीठसुद्धा उणे १८ अंशांवर ४ दिवस फ्रीझरमध्ये कोंबतेय. कशासाठी? तर त्यांना कचऱ्याच्या डब्यापर्यंत जायचा कंटाळा आला म्हणून!

अहो, जे तुम्ही स्वतः तोंडात घालणार नाही, ते दुसऱ्याच्या घरात कसं लोटता? चपलांचा जोड न् जोड कागदात गुंडाळायला वेळ मिळतो, मग डबे उघडून बघायला का नाही? एक्स्पायरी उलटली की टाका. नुसती ‘बेस्ट बिफोर’ उलटली असेल तर कोरडं सामान वास-रंग बघून तुमचं तुम्ही वापरा. मीठ, साखर, मध बंद बरणीत वर्षानुवर्षं टिकतात, ते सोबत न्या. द्यायचंच असेल तर सीलबंद द्या, तारखेसकट द्या. आणि आधी विचारा. समोरचा ‘नको’ म्हणाला, तर ती पिशवी उचलून गुपचूप घरी परत न्या.