बावीस कॅरेटचा रॅक

आज सकाळी साडेआठला समोरचे काका एका अनोळखी गृहस्थांना घेऊन माझ्या गॅरेजात शिरले, माझ्या रॅकवर थाप मारली आणि म्हणाले, "हे आम्ही बसवलं." मी तिथेच गाडी पुसत होतो. गृहस्थांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "आणि हे?" काका म्हणाले, "हे इथलेच."

इथलेच! घरपट्टी मी भरतो.

तर इंदूरच्या राजेंद्र नगरातलं आमचं घर, घराच्या पोटात नऊ फूट रुंदीचं गॅरेज, आणि गॅरेजच्या पोटात गाडी सोडून सगळं. वर्षाच्या शरबती गव्हाच्या कोठ्या, महालक्ष्म्यांचे स्टँड, गणपतीचं मखर, दोन बंद कूलर आणि रंगपंचमीच्या मिरवणुकीसाठी, म्हणजे गेरसाठी, हौसेने घेतलेली, एकदाच वापरलेली पितळी पिचकारी. गाडी बाहेर पावसात आणि मखर छपराखाली, हे घरात दोन-तीनदा बोलून झालं. मग रॅक घ्यायचा ठरला. भारी वजनाचा, भोकाभोकांच्या अँगलचा, दुकानांत आणि गोदामांत असतो तसा.

रॅक मिळणं सोपं आहे. लोहामंडीत चक्कर मारली की दहा जण अंगावर माल टाकतात. फळी ३६ इंच लांब, खोली १२, १५, १८ किंवा २४ इंच, अँगल साडेसहापासून दहा फुटांपर्यंत. अवघड असतं ते गॅरेज. तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप धरला की मोजमाप झालं असं आपल्याला वाटतं, आणि तिथेच पहिली फसगत होते. आमच्याकडे फरशीपासून स्लॅबपर्यंत ९ फूट आहेत, म्हणजे ८ फुटी रॅक आरामात बसायला हवा. पण भिंतीच्या डोक्यावर बीम आहे, आणि तो १५ इंच खाली उतरलाय. उरले ९३ इंच. ८ फूट म्हणजे ९६.

मग ९२ इंचांवर कापावा? ९२ चा रॅक त्या बीमखाली उभा राहील, पण उभा करता येणार नाही. रॅक जमिनीवर आडवा जोडतात आणि मग उचलून उभा करतात. उभा होताना त्याचा कर्ण वर जातो. ९२ इंच उंच आणि १५ इंच खोल रॅकचा कर्ण ९३ इंचांहून थोडा जास्त भरतो, म्हणजे रॅक पाव इंचासाठी बीमला अडतो आणि आपण तो खांद्यावर घेऊन विचार करत बसतो. ९० ला कापला तर कर्ण सव्वा-एक्क्याण्णव, सुखाने जातो. जागेवर उभ्यानेच जोडता येतो, नाही असं नाही. पण त्याला चार अँगल धरायला चार माणसं लागतात. आमच्याकडे काका होते.

खोलीचंही तसंच. ९ फूट म्हणजे २७४३ मिलिमीटर. आमच्या हॅचबॅकची रुंदी आरसे सोडून १७३५. उरले १००८. त्यातून १८ इंची रॅक, म्हणजे ४५७ मि.मी., आणि गाडी-रॅकमधली चार बोटं वजा केली की ड्रायव्हरच्या बाजूला साडेचारशे मि.मी. राहतात. तेवढ्या फटीतून गाडीबाहेर यायला माणूस पातळ तरी हवा किंवा अविवाहित तरी. १५ इंची घेतला तर सव्वापाचशे मिळतात. मागच्या भिंतीला का नाही, असं विचाराल. मागे बोअरिंगची मोटर आहे, इन्व्हर्टर आहे आणि विजेचं मीटर आहे. मीटरसमोर रॅक लावू नये. मीटर वाचायला येणाऱ्याला वाचता आलं नाही, तर तो अंदाजाने वाचतो.

आता काका. काका रिटायर्ड आहेत आणि सकाळी पोह्यांची प्लेट हातात घेऊनच रस्ता ओलांडतात, वर जीरावन मसाला, कडेला शेव. माझ्या हातात कोटेशन होतं: अँगल १४ गेज, फळ्या २० गेज. काकांनी ते वाचलं आणि चमचा प्लेटमध्येच ठेवला.

"चौदा? चौदा का? बावीस घे ना!"

"काका, बावीस गेज पातळ असतो. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो. चौदा म्हणजे सुमारे दोन मि.मी., बावीस म्हणजे पाऊण मि.मी.सुद्धा नाही."

काका माझ्याकडे लहान मुलाकडे पाहावं तसे पाहत राहिले. मग म्हणाले, "तू कधी सराफ्यात गेला आहेस?"

"रात्री. खायला."

"दिवसा जात जा. दिवसा तिथे सोनं असतं. बावीस कॅरेट चांगलं की अठरा?"

"बावीस. पण ते कॅरेट आहे, काका."

"मग हा गेज आहे. आकडा आकडाच असतो ना भिया. दुकानदार तुला चौदा कॅरेटचं सोनं दाखवेल तर घेशील? काकूला घालशील?"

काकूंचा यात काय संबंध, हे कळायच्या आत मी समजावायला बसलो. हीच चूक. म्हणालो, हा आकडा मुळात तार ओढण्यावरून आला. तार साच्यातून जितक्या जास्त वेळा ओढायची तितकी ती बारीक होत जाते, म्हणून मोठा आकडा म्हणजे बारीक तार. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, शेवेची चिमूट तोंडात टाकली आणि विचारलं, "आपण तार घेतोय का?"

याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

शेवटी दुकानदाराने व्हर्नियर आणून दोन्ही पत्रे काकांसमोर मोजले. काका म्हणाले, "तुमचा काटा उलटा आहे." मी १४ गेजच घेतला. त्यानंतर दोन दिवस काका गल्लीत सांगत होते की पोराने पैसे वाचवायला हलकं सोनं घेतलं.

फळ्यांच्या लांबीवरही वाद झाला. ४ फुटी फळ्या घेतल्या तर रॅक कमी लागतात, पैसे वाचतात, हे काकांचं म्हणणं वरवर पाहता खरं होतं. पण तेवढंच वजन सारखं पसरून ठेवलं तरी फळीचा झोल लांबीच्या घनाने वाढतो. ३ फुटांची ४ फुटी केली की फळी सव्वादोन पटींहून जास्त वाकते. ४ फुटी हवीच असेल तर खालून मधोमध लांबीने एक पट्टी बोल्ट करून घ्यावी. आमच्या भिंतीत दोन पिलर आहेत, मध्ये १० फूट मोकळे. त्यात ३ फुटी तीन रॅक बसतात आणि फूटभर जागा झाडू शिरायला राहते.

आणि आता कापणं. हे नीट वाचा, कारण इथे मी दोन रविवार घालवले. भोकांच्या अँगलमध्ये भोकं ठराविक अंतरावर असतात, पण अँगलची एकूण लांबी त्या अंतराच्या पटीत असेलच असं नाही. म्हणून एका रॅकचे चारही अँगल एकाच टोकाकडून कापायचे, आणि तेही वरच्या. वरच्या का, तर कापलेल्या टोकाचा रंग गेलेला असतो. ते टोक खाली आलं तर अँगलच्या पायाला घालतात त्या प्लॅस्टिकच्या बुटात गाडी धुतल्याचं पाणी साचतं आणि गंज तिथूनच चढायला लागतो. ग्राइंडरला पातळ, १ मि.मी.चं कटिंग व्हील, दोन भोकांच्या मधोमध काप, मग कानस मारून कड गुळगुळीत, मग झिंकचं प्रायमर. वेल्डिंग नको. भोकांचा अँगल बोल्टसाठी केलेला असतो, आणि जस्त चढवलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं तर धूर छातीत जातो.

हे सगळं मी फॅब्रिकेटरला कागदावर लिहून दिलं होतं. मी चहा आणायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा बारा अँगल कापून झाले होते: निम्मे वरून, निम्मे खालून.

"भिया, अंकलजी ने बोला था," फॅब्रिकेटर म्हणाला.

काका म्हणाले, "दोन इकडून, दोन तिकडून. बॅलन्स राहतो."

बॅलन्स! कापलेली टोकं सगळी वर ठेवून पहिला रॅक जोडला आणि मधल्या फळीवर चहाचा कप ठेवला, तर कप सावकाश, सन्मानाने भिंतीकडे चालत गेला. मागची भोकं पुढच्यांपेक्षा अर्धा इंच खाली आली होती. उपाय एकच, उलटे कापलेले अँगल डोकं खाली करून फिरवायचे. मग भोकं जुळली, पण सहा अँगलांची कापलेली टोकं खाली आली, बुटांत. त्यांना प्रायमरचे दोन हात दिले आहेत. आता पावसाळा बघतोय.

कापून उरले सहा-सहा इंचांचे बारा तुकडे. हे तुकडे फार कामाचे असतात. ९० इंच उंच आणि १५ इंच खोल रॅक म्हणजे खोलीच्या सहापट उंच. चारपटीच्या वर गेलं की रॅक भिंतीला बांधलाच पाहिजे, नाहीतर वरच्या फळीवरचा कूलर ओढताना अख्खा रॅक अंगावर येतो. तो तुकडा म्हणजे तयार ब्रॅकेट: एक पाख रॅकला, दुसरी भिंतीला. मी ते तुकडे मोजून बादलीत ठेवले. संध्याकाळी बादली रिकामी. दुसऱ्या दिवशी काकांच्या गच्चीत कुंड्यांखाली बारा चकचकीत पाय दिसले. "भंगार पडलं होतं," काका म्हणाले. मी हार्डवेअरवाल्याकडून सहा ब्रॅकेट विकत आणले. रक्कम सांगत नाही. सांगितली की राग परत येतो.

जोडणी मात्र मी एकट्याने केली. प्रत्येक फळीला आठ बोल्ट, पाच फळ्यांना चाळीस, तीन रॅकना एकशेवीस, शिवाय खालच्या आणि वरच्या फळीच्या कोपऱ्यांत तिकोनी प्लेटा. सगळे बोल्ट आधी हातानेच, सैल. मग समोरून दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे आले तर रॅक काटकोनात आहे, मगच पाना लावायचा. आधीच आवळून ठेवलं तर शेवटचा बोल्ट भोकाकडे बघतो आणि भोक भलतीकडे. आमची फरशी गेटकडे उतरती आहे, आणि खाली माळव्याची काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, फरशीखालचा भराव बसतो आणि फरशी पोकळ वाजते. म्हणून जमिनीत फास्टनर मारले नाहीत. गेटकडच्या पायांखाली लोखंडी चकत्या देऊन ओळंब्यात आणला. पुठ्ठ्याची घडी देऊ नये, ती पहिल्याच पावसात बसते. भिंतीतलं भोकही विटेत हवं, सांध्यात मारलं तर प्लग बोटाने बाहेर येतो.

मग काका तपासणीला आले.

"एका फळीवर किती?"

"शंभर किलो. पण पसरून, काका. अख्ख्या फळीवर सारखे."

"शंभर म्हणजे शंभर. मी अठ्ठ्याऐंशी आहे."

आणि बसले. खालून दुसऱ्या फळीवर, बरोबर मधोमध, पुढच्या कडेवर, पोह्यांच्या प्लेटसकट. टक्‌ असा बारीक आवाज झाला. फळीची ताकद पत्र्यात नसते, पत्र्याच्या कडेला जी दुमड असते तिच्यात असते. सगळं वजन दुमडीच्या एका ठिकाणी आलं की ती आत मुडपते, आणि एकदा मुडपली की हातोडीने सरळ दिसते पण धरत नाही. फळी बदलावी लागते. काका उठले, खळग्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बघ. बावीस घेतला असतास तर."

ती फळी अजून तशीच आहे. तिच्यावर मखर ठेवलंय, थर्माकोलचं. गव्हाच्या कोठ्या सगळ्यात खाली, कूलर वर. मखर उचललं की फळीत काकांच्या बैठकीचा ठसा नीट दिसतो.

आज सकाळी त्या गृहस्थांना काकांनी नेमका तोच दाखवला. "टेस्टिंग केलंय," म्हणाले. गृहस्थ प्रभावित झाले. त्यांनाही रॅक करायचा आहे, वैशाली नगरात, आणि काका जाणार आहेत बरोबर. निघताना काका माझ्याकडे वळले.

"तो तुझा तेराचा पाना दे जरा. आठचे बोल्ट आहेत त्यांच्याकडे."

दिला. आता रात्रीचे नऊ वाजलेत, समोर दिवा चालू आहे, आणि पाना आलेला नाही.