मूठ टेकवली की झालं?

आज चिडून लिहितेय, आधीच सांगते. ज्यांना रविवारी संध्याकाळी गोड गोड वाचायचंय त्यांनी पुढे सरका.

ठाण्यात एका दिवसाची एट-बॉलची, म्हणजे पूलमधल्या एका प्रकाराची, स्पर्धा होती. जागा आणि नावं लिहीत नाही, उगाच कोणाच्या मागे लागायला नको. माझा पहिला सामना एका वीसेक वर्षांच्या मुलाशी लागला. मी टेबलापाशी गेले, क्यू (खेळायची काठी) जोडली, चॉक लावला, वाट बघत उभी राहिले. साहेब आले. अंगात हुडी, दोन्ही कानांत इअरबड, एका हातात मोबाइल. स्क्रीनवरची नजर न उचलता दुसऱ्या हाताची मूठ माझ्या दिशेने सरकवली, ती लागली माझ्या कोपराला. कोपराला! मग एकच शब्द: "टॉस?" तोही मोबाइलमधल्या ॲपवर. ॲप म्हणालं ब्रेक, म्हणजे चेंडू फोडणारा पहिला फटका, त्याचा. साहेबांनी ब्रेक मारला.

नाव विचारलं नाही, सांगितलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. समोर मी असते काय किंवा क्यू ठेवायचा स्टँड असता काय, त्याला फरक पडला नसता.

आणि हो, मी ५-३ ने हरले. म्हणून जळफळाट चाललाय असं ज्यांना वाटतंय त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. माझ्या यादीतले जुने खेळाडू तसं म्हणणार नाहीत, कारण मी किती वेळा आणि किती हसत हरलेय ते त्यांनी पाहिलंय.

कॉलेजात असताना मी दादरच्या एका क्लबात पहिली स्पर्धा खेळले. नव्वदीचा शेवट होता. पूल पार्लरं नुकती कुठे गल्लोगल्ली उघडायला लागली होती, आणि तिथे मुलगी दिसली की लोक आधी दाराकडे बघायचे, हिच्याबरोबर कोण आलंय म्हणून. ड्रॉमध्ये मी एकटीच मुलगी. समोर एक काका, साठीच्या पुढचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. अख्खं टेबल वळसा घालून ते माझ्या बाजूला आले, हात पुढे केला आणि म्हणाले, "काय नाव गं?" मी सांगितलं. त्यांनी त्यांचं सांगितलं. "कुठून येतेस? परत जायला शेवटची गाडी कितीची?" हेही विचारलं. मग लॅग.

लॅग माहीत नसेल त्यांच्यासाठी: दोघं खेळाडू शेजारी शेजारी उभे राहून एकाच वेळी आपापला चेंडू समोरच्या कुशनवर मारतात, तो परत येतो, आणि ज्याचा आपल्याकडच्या कुशनच्या जास्त जवळ थांबेल त्याने ब्रेक करायचा की नाही ते ठरवायचं. दोघांनी एकाच वेळी फटका मारण्याची पूलमधली ती एकच जागा. त्यानंतर जो तो आळीपाळीने टेबलावर, दुसरा खुर्चीत. खांद्याला खांदा लावून उभं राहण्याची तेवढीच संधी, आणि आपण ती ॲपला देऊन टाकली.

बरं, मला शिष्टाचार वगैरे शब्दांशी घेणंदेणं नाही. काटा-चमचा कुठल्या हातात धरायचा यावर मी पोस्ट लिहिणार नाही. माझा मुद्दा अगदी व्यवहाराचा आहे. टीव्हीवरच्या स्नूकरला पांढरे हातमोजे घातलेला रेफरी असतो. आपल्या स्पर्धांना कोण असतं? चार टेबलं, एक आयोजक, तोही चहाचे पैसे चुकते करण्यात गुंतलेला. म्हणजे रेफरी कोण? आपणच. माझा फाऊल मी सांगायचा, तुझा तू. व्हाइटला (ज्या पांढऱ्या चेंडूवर फटका मारायचा त्याला) क्यूची टिप, म्हणजे टोक, दोनदा लागली का, ठरलेल्या चेंडूला आधी लागला का, लागल्यावर एखादा तरी कुशनला गेला का, हे सगळं समोरच्याच्या शब्दावर. अख्खा खेळ एका अनोळखी माणसाच्या शब्दावर चालतो, आणि त्या माणसाचं तोंड बघायला आपल्याला वेळ नाही!

काकांनी त्या दिवशी हात सोडायच्या आत तीन गोष्टी ठरवून टाकल्या होत्या. ब्रेक आलटून पालटून की जिंकणाऱ्याचा? पॉट (चेंडू पॉकेटमध्ये घालणं) सांगून, की फ्लूक, म्हणजे नशिबाने पडलेलाही, चालेल? आणि बाहीने किंवा हाताने दुसरा चेंडू हलला तर फाऊल, की फक्त व्हाइट हलला तरच? मला तिसऱ्या प्रश्नाचा अर्थही कळला नव्हता. त्यांनी हाताने एक चेंडू मुद्दाम हलवून दाखवला. म्हणाले, "रेफरी नसला की बहुतेक ठिकाणी व्हाइटचाच फाऊल धरतात. बाकीचा हलला तर तो परत ठेवायचा की आहे तिथे राहू द्यायचा, ते समोरच्याने ठरवायचं. चालेल तुला?" मला विचारलं. क्यू धड धरता न येणाऱ्या पोरीला!

आता आज काय झालं बघा. ३-३. त्याच्या हुडीच्या बाहीने माझा एक पट्टेवाला चेंडू हलला. चांगला दोन बोटं. त्याने तो उचलला, स्वतःच्या मर्जीने स्वतःला वाटलं तिथे ठेवला आणि पुढचा शॉट घ्यायला वाकला. मी म्हटलं, थांब. ऐकू कुठलं येतंय. परत म्हटलं, थांब रे. शेजारच्या टेबलावरचे दोघं वळले, तेव्हा याने एका कानातला बड काढला. "ते चालतं ना, काकू?"

काकू म्हणाला त्याचं काही नाही. (आहे. पण ते नंतर.) चालतं की नाही हे ठरलं कधी? कोणी ठरवलं? मूठ माझ्या कोपराला लागली तेव्हा? माझं डोकं तिथे फिरलं ते फिरलंच. पुढच्या फ्रेममध्ये, म्हणजे डावात, जिंकून देणाऱ्या आठ नंबरचा सरळ साधा पॉट मी पॉकेटच्या जबड्यात अडकवला. तो माझा मी अडकवला, त्याचं खापर त्याच्यावर नाही.

मला माहितीये, आता कोणीतरी करोना काढणार. बरोबर आहे. २०२० मध्ये हात मिळवणं बंद झालं आणि ते योग्यच होतं. त्या वर्षीची शेफिल्डची जागतिक स्नूकर स्पर्धासुद्धा लांबून लांबून पार पडली. तेव्हा आपण मूठ, कोपर, लांबून नमस्कार, सगळं केलं. त्याला माझी ना नाही. नमस्कार तर आपला हक्काचा. पण त्या वर्षात लोक लांबून का होईना, एकमेकांकडे बघत तरी होते! मास्कच्या वर डोळेच दिसायचे, म्हणून डोळ्यांत बघून "ऑल द बेस्ट" म्हणायचे. रोग गेला, मूठ राहिली, डोळे मोबाइलमध्ये गेले.

आणि कृपा करून "पूल हा पार्लरचा खेळ, तिथे कसली सभ्यता" हे ऐकवू नका. कोल्हापूरच्या खासबागेत जाऊन बघा. तिथे समोरच्याला चितपट करायचंच म्हणून उतरलेले पैलवान आधी हात मिळवतात, एकमेकांच्या अंगाला माती लावतात आणि मग भिडतात. त्यांना कोणी मवाळ म्हणत नाही. आपण तर एकमेकांना हातही लावत नाही, लाकडी काठीने चेंडू ढकलतो, आणि आपल्याला "झोन"मध्ये जायचंय म्हणून बोलायला जमत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात दुबईत आशिया चषकात भारत-पाकिस्तानच्या कर्णधारांनी हात मिळवला नाही, त्यावर देशभर केवढं रण पेटलं होतं आठवतंय? बरोबर की चूक यात मी शिरत नाही, माझ्या घरातच दोन तट आहेत. पण हात न देणं ही बातमी होऊ शकली, कारण हात देण्याला काहीतरी किंमत आहे. तिथे निदान ठरवून दिला नव्हता. आमच्याकडे द्यायचा असतो हेच कोणाच्या डोक्यात नाही.

थोडं दुसऱ्या बाजूचंही लिहिते, नाहीतर इनबॉक्समध्ये येऊन लिहाल. बायकांना मूठ सोयीची पडली, हे खरं आहे. हात पुढे केला की काही पुरुष गोंधळायचे, काही बोटांची टोकं धरायचे, आणि एकदोघं हात सोडायचेच नाहीत. मुठीला ती भानगड नाही. मान्य. तसंच, सर्वांत गोड हात मिळवणारे सर्वांत सरळ असतात असंही नाही. "वा, काय स्ट्रोक आहे तुमचा आज, कोपर जरा बाहेर ठेवताय का हल्ली?" असं सामन्याच्या तोंडावर प्रेमाने विचारून समोरच्याचं अख्खं खेळणं बिघडवणारे महाभाग मी पाहिलेत. शार्किंगवाले. त्यांच्यापेक्षा मुका परवडला. मान्य, मान्य.

पण मुका आणि बेदखल करणारा यात फरक आहे की नाही?

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय, तर हेही सांगते. त्या मुलाचा हात थरथरत होता. ब्रेकच्या आधी चॉक लावताना मी पाहिलं, टिपेवर कमी आणि स्वतःच्या बोटांवर जास्त लागत होता. बहुधा त्याचीही पहिलीच स्पर्धा असेल. कानांत गाणी, डोळे स्क्रीनमध्ये, ते सगळं लपण्यासाठीच असणार. कळतं मला.

म्हणूनच तर काका आठवतात. हात मिळवताना माझा तळहात घामाने ओला होता आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्यांनी खिशातून नॅपकिन काढला, आधी स्वतःचा हात पुसला, मग तो मला दिला. "माझाही ओलाच आहे. इतकी वर्षं खेळतोय, अजून होतो." जिंकणारच असलेल्या माणसाचाही हात ओला असतो, हे मला तेव्हा कळलं. मूठ टेकवून ते कळत नाही, बोटांची हाडं दोघांची सारखीच कोरडी. त्या मुलाने आज हात दिला असता तर माझाही ओला लागला असता त्याला.

काका तो सामना जिंकले. पण त्याआधी शेवटच्या फ्रेमला सेफ्टी (समोरच्याला सोपा शॉट न ठेवणारा फटका) खेळताना ते अचानक सरळ झाले आणि म्हणाले, "टच." मी काही पाहिलं नव्हतं, बघणाऱ्यांपैकीही कोणी नाही. क्यूची टिप व्हाइटला निसटती लागली म्हणे. व्हाइट उचलून माझ्या हातात दिला, हवा तिथे ठेव म्हणाले. मी दोन पॉट केले आणि तिसरा घालवला, तो भाग वेगळा. ते विल्सन जोन्सना खेळताना पाहिलेले गृहस्थ होते. पुण्यात जन्मलेले जोन्स, १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, कुठल्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारे पहिले भारतीय. त्या पिढीला स्वतःचा फाऊल स्वतः सांगण्यात काही विशेष वाटायचं नाही. मला मात्र आजही वाटतं की नाव विचारलेल्या माणसाला फसवणं जड जातं. पुरावा काही नाही माझ्याकडे. पण तुम्हीच सांगा, ज्याला आत्ताच "शेवटची गाडी कितीची" विचारलंय, त्याच्यासमोर टच गिळता येईल?

तर स्पर्धा संपल्यावर मी आयोजकांना गाठलं. म्हटलं, फार काही नको. प्रत्येक सामन्याआधी दोघांनी टेबलापाशी यायचं, कानातलं काढायचं, नावं सांगायची, नियमांच्या तीन गोष्टी ठरवायच्या आणि लॅग करायचा. हात, मूठ, नमस्कार, ज्याला जे हवं ते. भिंतीवर एक कागद लावा, बास.

ते म्हणाले, "मॅडम, कल्पना छान आहे, पण वेळ कुठून आणू? बत्तीस जणांचा ड्रॉ असतो."

बत्तीस जण म्हणजे एकतीस सामने. चार टेबलं. एका सामन्याला एक मिनिट धरलं तरी अख्ख्या दिवसात नऊ मिनिटांच्या वर जात नाहीत. हे मी त्यांना तिथल्या तिथे स्कोअरशीटच्या मागे लिहून दाखवलं. बघू म्हणाले.

आज सकाळी उद्घाटनाचे पाहुणे पाऊण तास उशिरा आले होते. मग हार, मग शाल, मग नारळ, तो पहिल्या फटक्यात फुटेना. मग पाहुण्यांनी क्यू उलटी धरून ब्रेक मारला, त्याचे फोटो निघाले, व्हिडिओत नीट आलं नाही म्हणून परत मारला. तेवढा वेळ आम्ही बत्तीसच्या बत्तीस जण भिंतीला टेकून उभे होतो, आणि कोणीही कोणाशी बोलत नव्हतं.