चाळणीतला तांबडा रस्सा

"मग तुझ्या नोकरीचं काय झालं?" हा प्रश्न कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत मला आठवड्यातून दोनदा विचारला जातो. एकदा शेजारच्या काकू विचारतात, एकदा दूध घालायला येणारे मामा. मी खाण्यापिण्यावर ब्लॉग लिहिते हे दोघांनाही ठाऊक आहे. त्याचे पैसे मिळतात, हेही सांगून झालंय. त्यांचा विश्वास बसत नाही. खरं सांगायचं तर माझाही अधूनमधूनच बसतो.

आधी माझी सगळी भिस्त गुगलच्या जाहिरातींवर होती. तिथं 100 डॉलर साठल्याशिवाय पैसे हातात पडत नाहीत. माझे साठायला या गणपतीपासून पुढचा गणपती उजाडायचा. मग कंपन्यांचे मेल यायला लागले. त्याला 'कोलॅब' म्हणतात, आणि बहुतेक वेळा तो 'बार्टर' निघतो. म्हणजे त्यांनी वस्तू द्यायची, आपण कौतुक करायचं. आजीला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे बलुतंच की गं." पण बलुतेदाराला निदान जोंधळे मिळायचे. मला आजवर प्रोटीन पावडरचे तीन डबे, दाढीला लावायचं तेल आणि 'कोल्हापुरी फ्लेवर'चे ओट्स मिळालेत. ते ओट्स आजीने एकदा तोंडात घातले आणि मला विचारलं, "कोण आजारी हाय?"

त्यामुळे एप्रिलमध्ये मुंबईच्या एका कंपनीचा फोन आला आणि पलीकडच्या पोराने 15,000 रुपये रोख आणि वर 24,000चा एअर फ्रायर असा आकडा सांगितला, तेव्हा मी काय करायचंय ते न विचारताच हो म्हणाले. पुढच्या सगळ्या भोगाचं मूळ इथं आहे.

"मी करतो की, सांगा फक्त," मी म्हटलं.

पलीकडे जरा शांतता. मग तो म्हणाला, "मॅडम, व्हिडिओत 'करते' म्हणा हां. लोकांना चूक वाटेल. बाकी आम्हाला एकदम अस्सल कोल्हापुरी पाहिजे."

आमच्याकडे पोरी 'येतो, जातो, करतो'च म्हणतात, हे त्याला सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण 15,000 डोळ्यांपुढं आले आणि मी तोंड मिटलं.

संध्याकाळी अकरा पानांचा 'ब्रीफ' आला. पहिलं वाक्य 'नाद खुळा मंडळी!' असंच म्हणायचं. नऊवारी, नथ आणि पायात कोल्हापुरी चप्पल. ("सैपाकघरात चप्पल?" आईने एवढंच विचारलं. तिच्या हातात उलथनं होतं, म्हणून तो मुद्दा मी कंपनीला न विचारताच खोडला.) एक शॉट रंकाळ्यावर, मावळत्या उन्हात, यंत्रासकट. तो मी काढला. ते धूड कठड्यावर ठेवून फोटो घेत होते तर भेळवाले दादा म्हणाले, "मिक्सर विकायला काढलाय काय?" आणि शेवटच्या पानावर मुख्य पदार्थ: 'बिनतेलाचा तांबडा रस्सा, एअर फ्रायरमध्ये.'

मी पान उलटून पाहिलं, विनोद असेल म्हणून.

एअर फ्रायर म्हणजे गरम वारं गरागरा फिरवणारा डबा. आत जाळीची टोपली. आईने ती उचलली, उजेडापुढे धरली आणि भोकांतून माझ्याकडे बघितलं.

"रस्सा ह्यात वतायचा?"

"हो."

"चाळणीत?"

"आत वाटी ठेवायची."

"आन् तेल न्हाई?"

"नाही."

"तेलच न्हाई तर तवंग कुठनं येणार, तुझ्या कंपनीकडनं?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, अजूनही नाही. तरी मटण गॅसवर शिजवून घेतलं, आळणी, म्हणजे मटणाचं बिनतिखट पाणी, बाजूला काढलं, वाटण आणि चटणी (आमच्याकडे तिखटाला चटणीच म्हणतात) घालून रस्सा केला, स्टीलच्या वाटीत ओतला आणि वाटी यंत्रात ठेवली. 200 डिग्री, दहा मिनिटं. मोबाइल स्टँडवर, मी नऊवारीत, "नाद खुळा मंडळी!"

चौथ्या मिनिटाला यंत्राने खोकल्यासारखा आवाज काढला. वाऱ्याने रस्सा ढवळून वरच्या तापलेल्या कॉइलवर उडवला होता. कॉइलवर चटणी जळाली की काय होतं ते लिहून कळणार नाही. पहिला ठसका मला लागला, मग आईला, मग माडीवरच्या आजीला. मग खिडकीतून तो गल्लीत उतरला. काकू पदर तोंडाला लावून दारात आल्या आणि म्हणाल्या, "नोकरीच बरी गं बाई!"

धूर ओसरल्यावर वाटीत बघते तर कडेकडेने लालबुंद तवंग. बिनतेलाच्या रश्श्याला? मी आईकडे बघितलं.

"दोन पळ्या घातल्या मी," आई म्हणाली. "लोकं काय म्हणतील, पांढऱ्या तोंडाचा रस्सा केला म्हणून?"

आता आली पंचाईत. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दिशाभूल करणारी जाहिरात करणाऱ्यालाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. 15,000 मिळवायला 10 लाखांची जोखीम, तीही आईच्या दोन पळ्यांपायी. मी कंपनीला स्वच्छ कळवलं: रस्सा होणार नाही. तीन दिवस खल झाला. शेवटी हळद-चटणी चोळून कोंबडी भाजायची ठरली आणि ती, कबूल करायला हवं, झकास झाली. आजीनेही कोण आजारी आहे ते विचारलं नाही.

मग 'जाहिरात' या शब्दावरून वाद. जाहिरातवाल्यांच्याच एएससीआय या संस्थेचे 2021चे नियम असे की पैसे किंवा वस्तू घेतली असेल तर तसं ठळक लिहायचं; व्हिडिओ पंधरा सेकंदांहून मोठा आणि दोन मिनिटांच्या आतला असेल तर एक तृतीयांश वेळ. माझा 90 सेकंदांचा, म्हणजे 30 सेकंद. "पाच चालतील का? कोपऱ्यात, बारीक?" पोराने विचारलं. मी नाही म्हटलं. 'करतो'च्या वेळी गिळलेलं सगळं त्या 'नाही'त होतं.

साठ दिवसांत येणारे पैसे ऑगस्टमध्ये आले. मागोमाग मेल: एअर फ्रायरवरचा 10 टक्के कर, 2,400 रुपये, आपण भरून चलन पाठवावं. मी राजारामपुरीतल्या सीएंकडे धावले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "1 जुलै 2022पासून आयकरात तसं कलमच लागलंय. कंपनीने वर्षात 20,000च्या वर फुकट वस्तू दिली की त्यावर कर भरला जातोय हे तिनेच बघायचं."

"फुकट कुठलं? गल्लीभर ठसका लागला."

"ते कलमात नाही. यंत्र वापरून परत केलंत तर मात्र कर नाही."

मी सुटले. कंपनीला लिहिलं, घेऊन जा. शनिवारी भर पावसात कुरिअरवाला पोरगा दारात आला. आत जाऊन बघते तर यंत्र चालू. आत पावसात सर्दलेल्या मिरच्या, बाहेर पाटावर आई.

"आई, तो न्यायला आलाय."

"त्याला च्या दे आन् लावून दे," आई यंत्रावरची नजर न काढता म्हणाली. "चोवीसशे भरून टाक. अजून दोन किलो ऱ्हायल्यात."